मंजूर कुणी दाबलं

ही गोष्ट मी घरी सांगितलेली नाही, संघटनेत सांगितलेली नाही, आणि ज्या दोघांना आधी सांगायला हवी होती त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला मध्ये थांबवू शकत नाही — आणि "असू दे गं" म्हणून माझी समजूतही काढू शकत नाही.

मी पत्रकं लिहिते. मूळची रहिमतपूरची, आता मुक्काम सांगलीत. कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन चोख व्हावं म्हणून भांडणारी आमची छोटी संघटना आहे. माझं एखादं पत्रक तुमच्याही हातात आलं असेल — निदान त्यात बांधलेली भजी तरी. माझा सगळ्यात जुना राग एका शब्दावर. मंजूर. कारखान्याची वार्षिक सभा पाहिली आहे ना? अध्यक्षांनी विषयाचा नंबर उच्चारला, की विषय काय ते कळायच्या आत पुढच्या रांगा ओरडतात — मंजूर, मंजूर. आणि अहवाल? तो उन्हात डोक्यावर धरायला. यावर मी इतकं लिहिलं, इतकं बोलले, की गावातली पोरं मला लांबून बघून हळूच "मंजूर" म्हणायची.

आता आमच्या फोटोंकडे येते — म्हणजे यायलाच हवं, टाळून कुठे जाणार?

गळीत हंगामभर आमचे लोक गाडी आधी बाहेरच्या काट्यावर तोलायचे, मग कारखान्याच्या. दोन्हीकडचे फोटो काढायचे. सगळ्यात जास्त फोटो नेमगोंडा आण्णांचे. सांगलीजवळचे शेतकरी, साठी ओलांडलेले, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून बैठक कितीही रंगात असली तरी उठून जाणारे. थंडीत कानाला मफलर गुंडाळून काट्याशेजारी उभे राहायचे, वॉचमनने हाकललं की रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. फोटो आमच्या सर्व्हरवर चढले की फोनमधले पुसून टाका, जागा होईल — असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. ठासून.

सर्व्हर सांभाळायचा विट्याचा प्रवीण. पुण्यात नोकरी, आमचं काम फुकट. सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब भाड्याने घेतलेली यंत्रं. ती सांभाळायला त्याच्याकडे एक सॉफ्टवेअर. काय काय हवं ते त्यात लिहायचं. ते आधी बेत दाखवतं — हे नवीन येईल, हे बदलेल, हे कायमचं जाईल — आणि आपण हो म्हटलं की तसं करून मोकळं होतं. प्रवीणला धास्ती त्या "जाईल"ची. लांबलचक बेतात ती ओळ दडते, म्हणायचा. म्हणून त्याने एक सोय केली: बेतातलं जे जे पुसलं जाणार, तेवढंच वेगळं निघून दोन फोनवर यायचं. खाली हिरवं बटण. दोघांपैकी एकाने वाचून दाबल्याशिवाय काही पुसलं जाणार नाही.

दोन फोन कुणाचे? एक आण्णांचा, फोटो त्यांचे म्हणून. दुसरा मी मागून घेतला — भांडून. यंत्राच्या हाती कारभार देणार नाही, सभासदाने वाचल्याशिवाय अक्षरही पुसायचं नाही, असं मी त्याला चांगलं अर्धा तास ऐकवलं. बटणावर "मंजूर" हा शब्द त्याने मुद्दाम घातला. मला चिडवायला.

मग तो दिवस. रहिमतपूरच्या चौकात टेम्पोवर उभी राहून मी बोलत होते. कशावर? — सांगायलाच हवं का? "न वाचता मंजूर म्हणणारा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं घर पाडतो," हे वाक्य चाललं होतं. एका हातात माईक, दुसऱ्या हातात फोन. फोन थरथरला. लांबलचक इंग्रजी नावांची रांग, लाल वजाबाकीच्या खुणा. प्रवीणची झाडलोट असणार. अंगठ्याने हिरवं बटण दाबलं आणि वाक्य पुरं केलं. टाळ्या पडल्या. लय पडल्या.

झालं असं होतं, की प्रवीणने फोटोंच्या साठ्याला नवं, सुटसुटीत नाव दिलं होतं. सॉफ्टवेअरला नाव बदललेलं कळत नाही. त्याला वाटतं जुना साठा नको, नवा हवा. जुना पुसला, नवा उभारला — रिकामा. फोटोंची राखून ठेवलेली जादा प्रतही त्याच रांगेत होती. म्हणून तर ती रांग वाचायची होती.

दुसऱ्या दिवशी आण्णांच्या सोप्यात सगळे जमलो. मी तोंड उघडलं ते हे कारखान्याचंच कारस्थान म्हणून — निषेधाच्या पत्रकाचा मथळासुद्धा सुचवला. प्रवीण खाली बघत म्हणाला, "भायेरचं कुणी न्हाई ताई. मंजुरी आपल्यातनंच गेलीया. कुणाच्या फोनवरनं, ते कळायची सोय मी केलीच न्हवती."

मला तेव्हा बोलता आलं असतं. श्वाससुद्धा घेतला होता, खरंच. पण आण्णांनी आपला अंगठा उजेडात धरला, उलटसुलट बघितला, आणि म्हणाले, "मग माझ्याच हातनं झालं आसंल रं. ताई वाचल्याबिगर कशाला दाबंल?"

कुणी शंकाही काढली नाही. मीसुद्धा नाही. उलट — हे लिहिताना कान तापतात — मी म्हणाले, जाऊ दे आण्णा, वयाने होतं असं.

वार्षिक सभेत आमच्याकडे दाखवायला काही उरलं नाही. काट्याचा विषय आला आणि गेला, मंजूर, मंजूर. आण्णांनी पोराकडून साधा, बटणांचा फोन मागवून घेतला. काट्यावर जाणं बंद केलं. बैठकीला यायचे, मागे बसायचे. पोरं थट्टा करायची — आण्णा, आवं हात खिशात घाला, न्हाईतर संघटनाच पुसाल. ते हसायचे. मी पण हसायचे, आणि जरा मोठ्यानेच.

एवढ्यावर थांबले असते तर तुम्हाला मला नुसती लबाड म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी पत्रक लिहिलं. "न वाचता मंजूर नको!" त्यात उदाहरण दिलं — आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या निष्काळजी बोटाने हंगामभराचे कष्ट कसे पुसले गेले. नाव घातलं नाही. घालायची गरज होती का? आण्णांनी ते सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचलं. त्या वाक्यापाशी थांबले, मग पुढे गेले. "बरं लिवलंयस," म्हणाले, "लोकांना कळाय पायजे." आणि गठ्ठा काखेत मारून सांगलीच्या बाजारात वाटायला गेले.

ते पत्रक अजून वाटलं जातं, अजून छापलं जातं. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक ते. त्यातलं ते वाक्य खोटं आहे. आण्णांच्या बोटाने काहीच पुसलं गेलं नव्हतं. मंजूर मी दाबलं.