पेशींना जेवू घालणारी सायन्सताई

भरल्या पंगतीतून उठून जाणारी मुलगी मी एकच पाहिली. चुलतभावाच्या लग्नात वरण वाढायला आलं आणि ही हात धुऊन उभी. "मोठीमाय, माझ्या पेशी उपाशी आहेत," म्हणाली आणि नागपूरची बस पकडायला धावली. शेजारच्या पाटावरची म्हातारी मला विचारते, "कोनाच्या पोरी व ह्या पेशी? घरी एकट्याच ठेवून आली काय?"

मुलांनो, ही माझ्या धाकट्या दिराची एकुलती एक मुलगी, तुमच्या बाबांची चुलतबहीण. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा ती आंबागडच्या शाळेत होती. पुढे नागपूरच्या प्रयोगशाळेत लागली आणि गावानं तिचं नाव सायन्सताई ठेवलं.

काम समजावून सांगायला तिला हातात काहीतरी लागे. माझ्याकडे भंडाऱ्याला आली की कणीक मळता मळता सांगायची, "पेशीला थोडी बदललेली साखर खाऊ घालायची. तिला फरक कळत नाही. नेहमीच्या साखरेसारखीच ती आपल्या प्रथिनांना जोडते. पण ह्या साखरेला हुकासारखा बारीकसा आकडा असतो. वरून चमकणारा रंग सोडला की तो नेमका त्या आकड्याला धरतो. मग जिवंत पेशीत प्रथिनं कुठं आहेत ते दिसतं."

"आणि मग?"

"मग पाहायचं, मोठीमाय. अजून तरी पाहायचंच."

तेव्हा तिचे बाबा, म्हणजे माझे दीर, विसरू लागले होते. आधी धानाच्या बांधीतलं पाणी फोडायचं विसरले, मग घरचा रस्ता. आंबागडच्या किल्ल्याच्या डोंगराकडे निघून जात आणि गावभर शोधाशोध होई. शेवटी जाऊबाईंनी त्यांच्या अंगातल्या बंडीच्या काठात घुंगरू शिवलं. ते त्यांना कधी कळलंच नाही. सायन्सताईनं तो काठ बोटांनी चाचपला. "आई, मीही हेच करून राहिली," ती म्हणाली. "माणूस कुठं गेला ते समजते. परत आणता नाही येत."

जाऊबाईंना ते पटलं नाही. ही मेंदूच्या पेशींवर काम करते एवढं त्यांना ठाऊक होतं. "तुही साखर बाबाले दे ना व थोडीशी. आपल्याच मानसाले काहून नाही देत?"

"आई, ते औषध नोहोय."

"मंग एवढी वर्षं काय शिकून राहिली?"

ती उठून बाबांना पाणी द्यायला गेली.

ह्याच आजाराचा शोध घेणाऱ्या परदेशातल्या प्रयोगशाळेनं तिला बोलावलं, तेव्हा तिचा पाय निघेना. जाऊबाईच म्हणाल्या, "जाय बापा. इथं बसून तरी काय करशीन?"

निघायच्या सकाळी ती बाबांना भात भरवत होती. दारात गाडी उभी होती. त्यांनी दोन घास खाल्ले, तिचं मनगट धरलं आणि तिच्याकडे निरखून पाहिलं. जाऊबाई पुढे सरकल्या. मला वाटलं, ओळखलं.

"बाई, तू कोनाची व? किती करतेस माह्यासाठी," ते म्हणाले. "जाय आता. तुहे मायबाप वाट पाहत असतीन."

तिनं त्यांचं तोंड ओढणीच्या टोकानं पुसलं, ताटली खाली ठेवली.

"हो काका," ती म्हणाली. "निघते."