मागची डावी सीट

हे लिहू की नको, यात तीन महिने गेले. दुसऱ्या कोणी मला असं काही सांगितलं असतं तर माझा पहिला प्रश्न असता – वायरिंग तपासलं का? कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी चौदा वर्षं क्वालिटीला काढली. तिथे 'मला वाटलं' असं रिपोर्टात लिहिता येत नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्या ड्रायव्हरांची मी आजवर चेष्टाच करत आले. तेव्हा पुढचं वाचून ज्यांना वाटेल की बाई घाबरट आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं – मी घाबरले नाही. घाबरले असते तर सोपं गेलं असतं.

नोकरी सोडून सहा वर्षं झाली. आता माझं स्वतःचं कार डिटेलिंगचं वर्कशॉप आहे. कुरकुंभहून दौंडकडे निघालं की डाव्या हाताला निळ्या पत्र्याची शेड, तीच. डिटेलिंग म्हणजे नुसतं धुणं नाही. सीटा, कार्पेट बाहेर काढून साफ करायचं, वास घालवायचा, लेदर मऊ करायचं, रंगावरचे ओरखडे पॉलिशने काढायचे. थोडक्यात, गाडी कशी वापरली त्याच्या सगळ्या खुणा पुसायच्या.

कंपनीतली एक सवय मी इथेही ठेवली आहे. प्रत्येक गाडीचं जॉब कार्ड असतं. दिवसभरात जे केलं, जे दिसलं, ते मी स्वतः लिहिते आणि संध्याकाळी त्याचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवते. आपल्या पाठीमागे गाडीचं काय चाललंय हे त्याला कळलं पाहिजे. या सवयीचा मला अभिमान होता...

दिवाळीनंतर मांडवगण फराट्याहून एक गाडी टोचन करून आली. काळी, जर्मन, महागातली. तीन वर्षं कांद्याच्या वखारीशेजारी ताडपत्रीखाली उभी होती. टायर बसलेले, लेदरवर पांढरी बुरशी, डिकीत उंदरांची घरटी. बरोबर मालक आले होते. साठीचे, पांढरा शर्ट, बोलणं मोकळं. सगळे त्यांना आप्पा म्हणत, मीही म्हणायला लागले.

"गाडी न्हाई राह्यली ही, ताई. उंदरांचं सासर झालंय," आप्पा म्हणाले. मग शेडमध्ये इकडंतिकडं बघत, "मालक कुठायत?"

"मीच."

"आन् धुनार कोन?"

"मीच. तुम्हाला पुरुषांच्या हातची धुऊन पाहिजे का?"

हसले. म्हणाले, "न्हाई, आमच्या हातानं तर हे झालं." आणि मग हसू गेलं. "चकाचक करा. इकायची हाय. वासासकट सगळं जाऊ द्या."

का उभी होती, ते मी विचारलं नाही. गिऱ्हाइकाला विचारायची ती गोष्ट नव्हे.

पहिले चार दिवस साफसफाईतच गेले. पाचव्या दिवशी नवी बॅटरी बसवून गाडी चालू केली. इंजिन छान लागलं, पण डॅशबोर्डवर मागच्या डाव्या सीटचं चिन्ह लाल झालं आणि टिंग-टिंग सुरू झालं. अशा गाड्यांत प्रत्येक सीटखाली सेन्सरची पातळ गादी असते. माणूस बसला आणि पट्टा बांधला नाही तर गाडी वाजत राहते. सीटवर कोणी नव्हतं. गादी ओली झाली असेल, दुसरं काय! मी सीट काढून दोन दिवस वाळवली. परत बसवली – तेच. मग पुण्याहून नवीन सेन्सर मागवून टाकला – तेच.

त्या संध्याकाळी मी जॉब कार्डवर लिहिलं: 'मागची डावी सीट – सेन्सर नवीन टाकला, तरी कोणीतरी बसलेलं दाखवते. पट्टा बांधा म्हणते.' फोटो काढला, नेहमीसारखा पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मी शटर उघडलं तर बाहेर एक बाई उभ्या. नऊवारी नाही, साधी वॉयलची साडी, पायात चप्पल, हातात मोबाइल. आप्पांच्या बायको. पहिल्या एसटीने दौंडला आणि तिथून शेअर रिक्षाने आल्या होत्या, एकट्या.

"हे तुमी लिवलंय?" त्यांनी माझ्याच अक्षराचा फोटो मला दाखवला. "कोन बसलंय?"

"कोणी नाही हो, अक्का. सेन्सरचा घोळ आहे."

"नवा टाकला म्हनून लिवलंय न्हवं तुमी?"

मी शटर पूर्ण वर ढकललं.

गाडी दाखवा म्हणाल्या. दाखवली. त्या मागे उजव्या बाजूला बसल्या, मी पुढे बसून इग्निशन दिलं. टिंग-टिंग. अक्कांनी शेजारच्या रिकाम्या सीटवरचा पट्टा ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद झाला. लाल चिन्ह हिरवं झालं.

मी आरशातून बघत होते. त्या रडल्या वगैरे नाहीत. मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या आणि सरळ सांगायला लागल्या, भाजीचा भाव सांगावा तशा.

मयूरी ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारावीला होती. डेंग्यू झाला, अंगावर काढला, आणि अचानक इतकी खालावली की आप्पांनी ह्याच गाडीतून पुण्याला न्यायचं ठरवलं. न्हावरा सोडल्यावर पोरीला बसवेना.

"मंग मी तिचा पट्टा सोडला आन् डोकं मांडीवर घेतलं. गाडी वाजाय लागली. हे वराडले, पट्टा बांध गं, वाजतंय. मी म्हनलं, वाजू द्या. तळेगाव ढमढेरे यायच्या आत गेली. आन् गाडी वाजतच व्हती. तीन वर्सं झाली, माज्या कानातनं जाईना ते." मग माझ्याकडे बघून, "तिचा पट्टा बांधायचा राहिलेला."

मी चहा मागवला.

त्यानंतर त्या रोज यायला लागल्या. साडेनऊला येत, चारच्या गाडीने परत जात. माझं पॉलिशिंग चाललेलं असे तेव्हा बाहेर खुर्चीवर बसत, मध्येच म्हणत, "चालू करा की जरा." मी चालू करे. टिंग-टिंग. त्या पट्टा बांधत. डबा आणत, दोन घास खात, आणि एक दिवस स्वतःहून म्हणाल्या की तीन वर्षांत पहिल्यांदाच जेवणाला चव लागली.

आप्पांचा फोन आला. "ताई, हे काय चालवलंय तुमी? ती घरी स्वैपाक करताना गुणगुनती. मला भ्या वाटाय लागलंय. तेवढं ते बंद करा, आन् सांगा तिला वायर व्हती म्हनून. माजं ऐकायची न्हाई. तुमचं ऐकल."

बरोबर होतं त्यांचं. दोष सापडला की काढायचा, एवढंच मला येतं. मी दौंडहून सलीमभाईंना बोलावलं. रेल्वे वसाहतीजवळ त्यांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, पंचवीस वर्षांचा अनुभव. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तुमचा शाम्पू गेला असंल आत. बायका पाणी लई ओततात."

"तुमच्या दुकानातली जळमटं मी बघितली आहेत, सलीमभाई. काम करा."

त्यांनी स्कॅनर लावला. पंधरा मिनिटं एकेक सर्किट तपासलं. मग म्हणाले, "फॉल्ट कुछ नहीं है. एक भी नहीं. गाडी के हिसाब से सब बराबर है... आदमी बैठा है, बस."

मी सांगितलं, सेन्सरची पिन काढा. काढली. पिन काढली की गाडीने 'सेन्सर खराब' असं दाखवलं पाहिजे, दुसरं काही दाखवूच शकत नाही. तिने दाखवलं – माणूस बसलाय, पट्टा बांधा.

आम्ही सीट काढली. अख्खा मागचा बाक काढून बाहेर टेबलावर ठेवला. खाली नुसता पत्रा, बोल्टची भोकं आणि पट्ट्याची खाच. दुपारचे साडेबारा, शेडमध्ये लख्ख उजेड. सलीमभाईंनी इग्निशन दिलं.

टिंग-टिंग. लाल चिन्ह.

सलीमभाई खाली उतरले, चप्पल घातली, हात धुतले. "मॅडम, हमको दुकान पे काम है," म्हणाले. पैसेही घेतले नाहीत.

मी वळून बघितलं तर अक्का दारात उभ्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. आत वाकल्या, गाडीच्या बाजूच्या पत्र्यावरचा पट्टा ओढला, उघड्या पत्र्यावरून आडवा आणला आणि खाचेत अडकवला. आवाज थांबला. तो पट्टा हवेत ताणलेला नव्हता, खाली ढिला पडला होता. कोणाच्याही अंगावरून गेलेला नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण मी नीट बघितलं.

"आता सांगा," अक्का म्हणाल्या. "ह्यांनी तुमाला काय सांगाय सांगितलंय ते ठावं हाय मला. ते नगं. तुमी तपासनाऱ्या हाय. तुमी सांगाल ते मी मानीन. हाय का कोनी?"

'वायर आहे' म्हणाले असते तर आप्पांचं काम झालं असतं. 'आहे' म्हणाले असते तर अक्कांचं. माझ्या तोंडून दोन्ही निघालं नाही.

"मला माहीत नाही, अक्का," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बरं. खोटं तर न्हाई बोललात."

गाडी विकली गेली नाही. आप्पांनी हात टेकले. मी बाक बसवला, राहिलेलं काम पूर्ण केलं. खरं सांगते, इतकी सुंदर गाडी माझ्या शेडमधून कधी गेली नव्हती. रंगात तोंड बघावं. आप्पा चालवायला, अक्का मागे उजवीकडे, आणि डावीकडे रिकाम्या सीटवर पट्टा बांधलेला.

आठव्या दिवशी गाडी परत दारात. आप्पा स्टिअरिंगवरच बसून राहिले, उतरले नाहीत. अक्का उतरल्या. आठ दिवसांत चेहरा असा झाला होता की मी आधी ओळखलंच नाही.

"गेली," म्हणाल्या. "दोन दिस झालं, वाजत न्हाई. तुमी काय केलं?"

"मी काही नाही केलं."

"तुमी धुतलं समदं. वास काढला. तिचा वास व्हता आत, त्यो काढला. नवी गादी टाकली. म्हनून गेली ती." ओरडल्या नाहीत. विनवणीचाच सूर होता. "जशी व्हती तशी करून द्या, ताई. तुमाला येतंय."

मला येत नव्हतं. तरी केलं. काढलेले जुने भाग मी गिऱ्हाइकाला पिशवीत घालून देते. ती पिशवी त्यांनी आणली होती. जुनी सेन्सरची गादी परत टाकली. इग्निशन दिलं – गप्प. गादी ओली केली – गप्प. पिन काढली, तर गाडीने नियमाप्रमाणे 'सेन्सर खराब' दाखवलं. जे त्या दिवशी दाखवायला पाहिजे होतं, ते आज दाखवलं. सलीमभाईंना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, फॉल्ट था ही नहीं, तो वापस कैसे लाऊँ?

"गाडीत आता काहीच दोष नाही, अक्का," मी म्हणाले.

"मंग बिघडवा की."

आप्पा पुढच्या सीटवरून म्हणाले, "करा काय तरी, ताई." हाच माणूस महिन्यापूर्वी मला बंद करा म्हणत होता.

मी इकडंतिकडं बघितलं. शाम्पूचा वीस लिटरचा कॅन होता, संपलेला. नळाखाली धरून भरला, दोन्ही हातांनी उचलून त्या सीटवर ठेवला. इग्निशन दिलं. टिंग-टिंग, टिंग-टिंग. लाल चिन्ह. अगदी तोच आवाज.

अक्का बसल्या होत्या शेजारी. हात पट्ट्याकडे गेला... आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी कॅनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ते पानी हाय, ताई," म्हणाल्या. आणि उतरून, वळसा घालून, पदर खोचून त्यांनी तो कॅन स्वतःच खाली घेतला. सीटवर ओलं झालं होतं, ते पदराने पुसलं. मग आप्पांना म्हणाल्या, "चला."

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. ते का आलं हे मी शोधत बसले होते. का गेलं, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. माझ्या साफसफाईने गेलं असेल का? नाही, असं मला म्हणायचंय. पण तपासल्याशिवाय मी म्हणत नाही, आणि हे तपासायचं कसं ते मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समधलं असेल तर जरूर लिहा. फक्त 'ओलावा असेल' एवढं लिहू नका. गाडीत सीटच नव्हती.