चिंधीचं झबलं

मास्तरांच्या दुकानात आरसा एकच, आणि तोही पोरांच्या उंचीवर टांगलेला. मोठ्या माणसाला त्यात स्वतःचं पोट तेवढं दिसायचं. कुणी कुरकुर केली की मास्तर म्हणायचे, "मोठ्यांना आरसा कशाला हवा? त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलंय." आणि आपल्याच विनोदावर आपणच हसायचे. गिऱ्हाईक हसलं नाही तरी त्यांचं काही अडायचं नाही.

शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. माप घेताना ते आधी पोराकडे बघायचेच नाहीत, त्याच्या आईबापाकडे बघायचे. बाप ताडमाड असला की शिवणीत माया जास्त ठेवायची, म्हणजे बाहीच्या टोकाला, कुशीला, पँटच्या पायाला आतून जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं. पोर वाढलं की टाके उसवून तेच कापड सोडायचं. "पोर काय, न सांगता वाढतं," ते म्हणायचे. "पोराला अगदी मापातलं शिवणाऱ्याने फोटो काढावेत. कपडे शिवू नयेत."

काजं-बटणं मास्तरीणबाईंची. त्यांचाही एक नियम होता. घडी घालण्याआधी प्रत्येक कपडा उलटा करून आतून बघायचा. बाहेरून सगळेच साजरे दिसतात, असं त्यांचं म्हणणं. हे कपड्यांबद्दल की माणसांबद्दल, ते त्या सांगत नसत, आणि मास्तर विचारायच्या भानगडीत पडत नसत.

चिंधी या दोघांकडे आली ती चिंध्यांच्या पोत्यातून. कातरकामातून उरलेले तुकडे भरायचं पोतं दुकानाच्या मागच्या दाराशी असायचं. एका सकाळी ते पोतं शेपूट हलवायला लागलं. आत कुत्र्याचं मूठभर पिल्लू, डोळ्यांत चिपडं, अंगभर दोरे. मास्तर म्हणाले, "राहू दे दोन दिवस, मग बघू." या 'मग बघू'ला काही अर्थ नसतो हे मास्तरीणबाईंना तीस वर्षांच्या संसारात पुरतं कळलेलं होतं. त्यांनी त्याच दिवशी जुन्या कोटाचं अस्तर फाडून अंथरूण केलं.

बघता बघता चिंधी लांबटांगी झाली. अंगाच्या मानाने पंजे केवढाले! मास्तर येईल त्याला ते पंजे उचलून दाखवायचे. "हे बघा. हिच्या पायांवरून सांगतो, दांडगी होणार. दारात उभी राहिली तर तुम्हाला आत यायला वाव राहणार नाही." दोरा संपला की रिकामं रीळ ते मशीनवरून फेकायचे. चिंधी ते धडपडत पकडायची, चार उड्या मारायची आणि आणून नेमकं मशीनच्या पायडलवर ठेवायची. मग शिलाई थांबायची. दिवसातून कितीदा थांबायची ते विचारू नका, कारण त्या वर्षी शाळा उघडल्या तरी निम्मे गणवेश दुकानातच लटकत होते.

अशाच एका दुपारी इस्त्री तापायची वाट बघत मास्तर तिच्या कुशीवरून हात फिरवत होते. पुढच्या डाव्या पायाच्या मागे बोटाला काहीतरी कडक लागलं. कापडाखाली चुकून बटण राहून जावं तसं. मास्तरांनी पुन्हा चाचपलं. चिंधीने त्यांचा हात चाटला. काही चावलं असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं, पण आठवड्याभरात शर्टाच्या बटणाचं कोटाचं बटण झालं.

शेजारी इस्त्रीवाल्याचं दुकान. वाद घालायची भारी खोड, म्हणून अख्खी गल्ली त्याला वकील म्हणायची. वकिलाने गाठ दाबून निकाल दिला. "काही नाही हो मास्तर, साधी चरबी. माझ्या मेव्हण्याच्या कुत्र्याला अश्शीच गाठ होती. हळद लावली, गेली."

"तुमच्या मेव्हण्याकडे कुत्रा कधी होता?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नव्हता का? मग शेजाऱ्याचा असेल," वकील म्हणाला आणि आपल्या इस्त्रीकडे पळाला.

शेवटी दोघं चिंधीला दवाखान्यात घेऊन गेले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला सरळ. त्यांनी सुईने गाठीतून थोडं काहीतरी काढून काचेवर पसरलं आणि आत जाऊन तपासून आल्या. चिंधी स्टीलच्या टेबलावर चारी पाय फाकवून उभी होती आणि टेबल थंडगार लागत असल्याने प्रत्येक पाय आळीपाळीने उचलत होती.

"नीट कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही पेशी मला बऱ्या वाटत नाहीत. कॅन्सर असू शकतो. पण एवढ्या लहान कुत्र्यांत पुष्कळदा साध्याच गाठी निघतात, तेव्हा नसूही शकतो. गाठ काढू, तपासायला पाठवू. रिपोर्ट येईपर्यंत मी छातीठोकपणे काही सांगणार नाही."

मास्तरांनी 'असू शकतो' ऐकलं आणि त्यांचे कान तिथेच बंद झाले. मास्तरीणबाईंनी 'नसूही शकतो' ऐकलं आणि तेवढंच पदराला बांधून त्या घरी आल्या. एका टेबलाशी उभे राहून दोघं दोन वेगळ्या गोष्टी ऐकून आले.

मन चिंती ते वैरी न चिंती. मास्तर कामाला बसले की मशीन चालायचं आणि डोकं त्याहून जोरात चालायचं. एवढुशी पोर, अजून नीट भुंकतासुद्धा येत नाही, आणि तिला हे? आपल्याच दारात कशाला आली मग? दुसऱ्या कुणाच्या पोत्यात शिरली असती तर आपल्या जिवाला घोर नसता. असला विचार मनात आला की त्यांना स्वतःची लाज वाटायची आणि मग ते अजूनच गप्प व्हायचे. रीळ संपलं की डब्यात टाकून झाकण लावायला लागले. चिंधी डब्यापाशी जाऊन बसायची, मास्तरांकडे बघायची, परत डब्याकडे बघायची.

"टाका की एखादं," मास्तरीणबाई म्हणायच्या.

"दमेल ती."

"ती दमत नाही. तुम्ही दमलाय."

त्या उलट्या. एरवी मोजून बोलणारी बाई, पण आता तोंडाला खळ नाही. पुढच्या थंडीत हिला आतल्या खोलीत घ्यायचं, मोठी झाली की बागेपर्यंत न्यायचं, वकिलाच्या मांजराशी हिची एकदा नीट ओळख करून द्यायची. चिंधीला समोर बसवून हे सगळे बेत. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "बघू."

गाठ काढली. चिंधी गुंगीत, जीभ बाहेर, कुशीवर टाक्यांची लांब रेघ घेऊन घरी आली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. शुद्धीवर येऊन उठली मात्र, भोंगा टेबलाच्या पायाला थडकला, टेबलावरचे शर्ट खाली आले, घाबरून मागे सरकली तर इस्त्रीची वायर पायात. घराचं पार रणांगण करून टाकलं तिने. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या हसल्या. "अहो, तुम्ही टेलर ना? सुती कापडाचं अंगालगत झबलं शिवा की. भोंगा काढून टाका."

मास्तरांनी तिथल्या तिथे माप घेतलं. मऊ कापड निवडलं, पुढच्या पायांना भोकं ठेवली, पाठीवर बंद लावले. संध्याकाळच्या आत झबलं तयार. आणि काय बसलं अंगावर! कुठे सुरकुती नाही, झोळ नाही. गल्ली बघायला लोटली. वकिलासारखा वकील, त्यालाही हरकत घ्यायला जागा सापडेना. "एक नंबर मास्तर! तसूभर इकडे नाही की तिकडे नाही." मास्तरांनी मान हलवली आणि कात्री जागेवर ठेवली. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी झबल्याला मलम लागलं म्हणून मास्तरीणबाईंनी ते धुवायला काढलं आणि सवयीने उलटं केलं. मग मोरीपाशीच त्यांनी एकेक शिवण बोटांनी चाचपून बघितली.

"अहो, इकडे या."

"काम चाललंय."

"या म्हणते ना!"

मास्तर आले. मास्तरीणबाईंनी झबल्याची कुशीची शिवण त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. "इथलं कापड कुठाय?"

मास्तर बघतच राहिले. आत दुमडलेलं काही नव्हतं. शिवणीच्या दोऱ्याला लागून कापड कापून टाकलेलं होतं. दुसऱ्या कुशीलाही तसंच. पोटाखाली तसंच. आपण हे कधी कापलं ते त्यांना आठवेना. हातांनीच करून टाकलं होतं.

"विसरलो असेन," ते म्हणाले.

"तुम्ही? पलीकडच्या पोरीच्या बाहुलीला फ्रॉक शिवलात, त्याच्या आत बोटभर कापड सोडलं होतंत. बाहुलीच्या फ्रॉकाला! मी हसले तर मला काय म्हणालात? पोरीला वाटतं बाहुली वाढेल, आपण कशाला नाही म्हणा." त्यांचा आवाज फाटला. "आणि हिला नाही? अजून रिपोर्ट यायचाय. तुम्ही मात्र तिला पोचवून मोकळे झालात."

चिंधी उघड्या अंगाने दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि शेपूट हलवावी की नाही याचा अंदाज घेऊ लागली.

मास्तर मोरीच्या कट्ट्यावर बसले. "मला नाही जमत गं," ते म्हणाले. "रीळ हातात घेतलं की वाटतं, हे शेवटचं असलं तर? त्यापेक्षा नकोच. भीती वाटते मला."

"मला नाही वाटत? मी काय हौसेने बडबडते दिवसभर?" मास्तरीणबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "गप्प बसले की रडू येतं, म्हणून बोलते. पण ती आत्ता इथे आहे ना हो? तिला काय ठाऊक रिपोर्टबिपोर्ट? तिला एवढंच कळतं, की मास्तर रीळ टाकत नाहीत."

मास्तरांनी डोळे पुसले, उठले, गळ्यातली टेप काढली आणि चिंधीचं माप पुन्हा घेतलं. खडूने आखताना तिने खडू चाटला, तर "अगं बये, खाऊ नको ते," असं कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोलले. कापड कापायला घेतलं तेव्हा मास्तरीणबाई समोरच उभ्या होत्या.

"एवढं जास्तीचं?"

"पंजे बघ तिचे," मास्तर म्हणाले.

त्यांना खात्री वाटू लागली होती असं मुळीच नाही. पण चार बोटं कापड त्यांनी आत दुमडलं आणि टीप मारली. तेवढ्यात रीळ संपलं. ते त्यांनी डब्यात टाकलं नाही.

रिपोर्ट आला त्या दिवशी दुकान बंद ठेवून दोघं गेले. डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "गाठ कॅन्सरचीच होती."

मास्तरीणबाईंनी टेबलाची कड धरली. या वेळी मात्र मास्तरांनी कान उघडे ठेवले. "पुढे सांगा," ते म्हणाले.

"पण सौम्य जातीची होती, आणि पूर्ण निघालीय. गाठीच्या भोवतीची चांगली कातडीसुद्धा मी मुद्दाम थोडी जास्तीची काढली होती. तिच्यात एकही वाईट पेशी सापडली नाही. बहुतेक परत येणार नाही. अधूनमधून दाखवायला आणा, घरी अंगावरून हात फिरवत राहा."

"बहुतेक?"

"बहुतेक. त्यापुढचं मला कुणाबद्दलच सांगता येत नाही, मास्तर."

मास्तरांनी हे शब्द मनात दोनदा घोळवून घेतले. मग म्हणाले, "आम्ही जास्तीचं ठेवतो, तुम्ही जास्तीचं काढता. जमेल आपलं." डॉक्टरीणबाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण त्या मनापासून हसल्या. मास्तरीणबाई मात्र तिथे स्टुलावर बसून हमसून हमसून रडल्या. इतके दिवस बोलून बोलून थोपवलेलं सगळं एकदम आलं.

टाके निघाले, कुशीवर केस आले, तरी चिंधी झबलं सोडीना. काढलं की दातात धरून मागे मागे फिरायची. थंडीही पडली होती, तेव्हा राहू दिलं. मास्तर रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तिच्या अंगभर बोटं फिरवायचे. कानामागे, काखेत, पोटाखाली. बोटं थांबायची, पुन्हा चाचपायची, आणि तो निघायचा चिकटलेला दोऱ्याचा गोळा. ही भीती काही गेली नाही. त्या भीतीसकटच ते रीळ फेकायला शिकले. अधूनमधून मास्तरीणबाई म्हणायच्या, "बंद पुरत नाहीत हो," आणि मास्तर शिवण उसवून थोडं कापड सोडायचे.

एका सकाळी त्यांनी पुन्हा तसंच झबलं मांडीवर घेतलं, टाके उसवले आणि आत बोट घालून बघितलं. मग दुसऱ्या कुशीला बघितलं. पोटाखाली बघितलं.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज असा काही निघाला की मास्तरीणबाई ओल्या हातांनी धावत आल्या.

"काय झालं? गाठ लागली?"

मास्तरांनी नाही अशी मान हलवली. झबलं उलटं करून त्यांनी बायकोपुढे धरलं. चार बोटं कापड आत ठेवलं होतं, त्यातलं सुताएवढंही उरलं नव्हतं.

"संपलं सगळं," मास्तर म्हणाले. "वाढली गं ती." आणि झबल्यात तोंड खुपसून ते लहान पोरासारखे रडले.

मास्तरीणबाईंनी हात पुसले, फळीवरून मऊ कापडाचं नवं ठाण काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. बाहेर एक बाई पोराला घेऊन गणवेशाचं माप द्यायला आली होती, पण चिंधी दारात आडवी उभी असल्यामुळे तिला आत शिरता येत नव्हतं.

"जरा थांबा हो," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "आधी हिचं माप घेतो."