पत्र्याच्या खोलीतला पारा

ती गेली त्या रविवारी दुपारी अडीच वाजता आम्ही दोघं गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत पारा बघायला गेलो होतो. पारा एक्केचाळीसवर होता. मी आकडा वहीत लिहिला, सही केली. तिनं चष्मा पुसून पारा पुन्हा बघितला, शेजारच्या चौकटीत तिची सही केली आणि आम्ही खाली उतरलो. मग दहा मिनिटं पडते म्हणाली आणि उठलीच नाही. डॉक्टर आला तो नुसता मान हलवायला. आता तुम्ही म्हणाल, मे महिन्याच्या उन्हात नवराबायकोनं पत्र्याखाली जाऊन पारा कशाला बघायचा. तेच सांगायला बसलोय. मी सातवीला शाळा सोडलेला माणूस, उभा जन्म बस चालवली, त्यामुळं लिहिण्यात गोडी नसेल. पण एक ठाम सांगतो, ह्या नगर जिल्ह्यात पार बेलापूरपासून पाथर्डीपर्यंत आमच्या हिच्याइतकी कागदाला जागणारी बाई झाली नाही.

एमआयडीसीतल्या एका औषधाच्या गोळ्यांच्या कंपनीची स्टाफ बस मी चालवायचो आणि ती त्याच कंपनीत कामाला. बी. एस्सी. झालेली, शाळेतल्या कारकुनाची पोर. माझ्या पाठीमागच्या सीटवर बसायची आणि रोज उतरताना सांगायची, आज तुम्ही नऊ मिनिटं उशिरा आलात, का आलात ते लिहून ठेवा. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, उद्या कुणी विचारलं तर. असं दोन वर्षं ऐकल्यावर मीच लग्नाचं विचारलं. तिनं आठ दिवस घेतले आणि होकार दिला, तोही लेखी. तिचं काम कागद तपासायचं. गोळ्यांची एक बॅच तयार झाली की तिच्यामागं जाडजूड फाईल येते, कुणी काय घातलं, किती घातलं, किती वाजता घातलं. ती फाईल ही पानापानानं वाचायची. पण शेवटच्या पानावर, माल बाहेर सोडा म्हणून जी सही लागते, ती हिची नाही. त्याला वरचं शिक्षण लागायचं. तीस वर्षं हिनं फाईल वाचायची आणि हिच्या निम्म्या वयाच्या साहेबानं सही करायची. तो वाचतो का तरी, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तो माझी सही बघतो आणि करतो." त्यात राग नव्हता. पण निवृत्तीला तीन वर्षं राहिली तेव्हा तिनं औषध कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी असतो तो दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा घरबसल्या करायला घेतला. डिप्लोमा हातात आला तर जायच्या आधी शेवटच्या चौकटीत सही करू देऊ, असं मोठ्या साहेबांनी कबूल केलं होतं. एका सहीसाठी दोन वर्षं. मी म्हणालो, येडी झालीस. तिनं फॉर्मवर पत्ता लिहिता लिहिता मान हलवली, म्हणजे मान्य केलं.

कंपनी तिनं घरात कधी आणली ते मला कळलंच नाही. दरवर्षी कैरीचं लोणचं घातलं की त्यातलं चमचाभर ती एका छोट्या बाटलीत काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवायची आणि वर्षभर त्याला हात लावू द्यायची नाही. पुढं कधी माझं पोट बिघडलं तर दोष लोणच्याचा की माझा, हे बघायला. दोन वेळा बाटली उघडली. दोन्ही वेळा दोष माझा निघाला. दुधाची पिशवी आधी आली ती आधी फुटणार, डब्यावर उघडल्याची तारीख, आणि चहाचं माप एकदा ठरलं ते ठरलं. एका हिवाळ्यात मला चहात आलं हवं होतं. ती म्हणाली, अर्ज द्या. मला वाटलं थट्टा करते. तिनं कागदच पुढं ठेवला, काय बदलायचं, का बदलायचं, त्यानं बिघडलं तर काय करायचं. मी लिहिलं, 'खोकला. बिघडलं तर पिणार नाही.' चार दिवसांनी मंजूर झाला. तो चहा मी आजही तसाच करतो.

डिप्लोम्याची पुस्तकं पोस्टानं यायची आणि रविवारी मोबाईलवर वर्ग भरायचा. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून, इस्त्रीची साडी नेसून ती समोर ताठ बसायची. वर्गातली बाकीची सगळी नोकरीवालीच, कुणी गुजरातेत, कुणी गोव्यात, कुणी पार हिमाचलात, रात्रपाळी करून आलेली, जांभया देणारी. शिकवणारे सर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण हात वर केल्याशिवाय ती बोलायची नाही. मोबाईलपुढं हात वर करून बसलेली बायको बघायला लागते, म्हणजे कळतं. दुसऱ्या महिन्यापासून ती पोरंच तिला फोन करून अडलेलं विचारायला लागली, ताई हे समजवा, ताई ते समजवा. ती भाकरी थापता थापता त्यांना कारखान्यातल्या हवेच्या दाबावर बोलायची आणि भाकरी करपायची. मग भाकऱ्या मी शिकलो. एकदा पुस्तकातच चूक सापडली तिला. पान, ओळ, सगळं लिहून तिनं कॉलेजला पत्र टाकलं. त्यांचं आभाराचं उत्तर आलं, तेही तिनं तपासलं.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक अभ्यास करून द्यायचा होता. बाकीच्यांनी आपापल्या कंपनीतली यंत्रं घेतली. हिनं माझ्या थोरल्या बहिणीचं दुखणं घेतलं. आमची आक्का पाथर्डीकडची, नवऱ्याबरोबर दरसाल ऊसतोडीला जायची. दाजी रक्तदाबाच्या गोळ्या न चुकता घ्यायचे, पत्र्याच्या पेटीत ठेवायचे, पेटी उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत. तरी एका हंगामात फडावरच ते गेले. आक्का एवढंच म्हणायची की गोळ्या रोज घेत हुते, मीच हातावर ठिवत हुते. हे हिच्या डोक्यातून गेलं नाही. मला म्हणाली, "आमच्या गोदामात पारा जरा चढला तर घंटा वाजते, चार माणसं धावतात. मग गेटबाहेर पडल्यावर त्या गोळीचं कोण बघतं?" मी म्हणालो, कुणी नाही. ती म्हणाली, मग आपण बघू. गच्चीवर अडगळीची पत्र्याची खोली होती, ती तिनं झाडून घेतली. आत पेटी, पेटीत गोळ्यांची पाकिटं, पेटीशेजारी तापमापी. वर्षभर रोज सकाळी आठला आणि दुपारी अडीचला पारा लिहायचा, उन्हानं गोळीतला गुण किती उरला ते तपासायला महिन्याला एक पाकीट कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. सकाळी ती बघणार, मी तपासणार. दुपारी ती कामावर आणि मी रिटायर होऊन घरी, म्हणून मी बघणार आणि ती घरी आल्यावर तपासणार. एकट्याच्या सहीला तिच्या लेखी किंमत नव्हती. वर्ष अखंड पाहिजे. एक दिवस जरी सुटला तरी अभ्यास अर्धा, आणि मग डिप्लोमा राहिला आणि सही पण राहिली.

पावसाळ्यात एकदा मी गोंधळ घातला. दुपारी कोपऱ्यावरच्या टपरीवर गप्पांत बसलो, परत आलो तेव्हा चार वाजून गेले होते. रोज साधारण पस्तीस असतो म्हणून मी खालीच बसून पस्तीस लिहिले आणि सही ठोकली. मला काय माहीत, त्या तापमापीत एक बारीक काडी असते, पारा चढेल तशी ती वर जाते आणि दिवसातल्या सगळ्यात वरच्या जागी अडकून राहते. त्या दिवशी आभाळ होतं. काडी अठ्ठावीसवर. संध्याकाळी ती वही घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर बसली. मी म्हणालो, खोडून अठ्ठावीस कर, कोण बघतंय. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली. तेवढ्या वर्षांत माझी एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. मग म्हणाली, "खोडायचं नाही. एक रेघ मारा, खालचा आकडा दिसला पाहिजे. शेजारी खरं लिहा." मी रेघ मारली आणि लिहिलं, 'वर गेलो नाही. अंदाजे टाकला.' तारीख, सही. ते पान तिनं तसंच कॉलेजात दाखवलं. सर म्हणे हसले आणि म्हणाले, ह्या पानामुळं बाकीच्या पानांवर माझा विश्वास बसला. त्या दिवसापासून अडीचच्या आधी पाच मिनिटं मी पायरीवर उभा असायचो.

वर्ष पुरं व्हायला एकोणीस दिवस राहिले होते आणि ती गेली. संध्याकाळीच सगळं उरकलं. आम्हाला मूलबाळ नाही. आक्का तेवढी जीप करून आली आणि राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी वही घेतली तर आक्कानं दारात अडवलं. म्हणाली, "सुतकात कागुद शिवतोस व्हय रं?" मी सांगितलं, एक दिवस सुटला तर वर्ष गेलं.

"आन् वर्ष पुरं झालं तर ती येनार हाय का?"

"न्हाई."

"मंग तिची सही?"

"ती पण न्हाई." मेलेल्या माणसाला कुणी डिप्लोमा देत नाही, एवढं मलाही कळतं. मी म्हणालो, "पर दाजींच्या गोळ्यांचं काय झालं, ते तिला बघायचं हुतं."

आक्का दारातून बाजूला झाली. मी वर गेलो. खोलीत रात्रीचा गारवा अजून होता. पारा एकोणतीस. मी आकडा लिहिला, सही केली, आणि शेजारच्या चौकटीपाशी अडलो. सकाळी ती जागा माझी असायची. दोन्हीकडं मीच सही केली असती तर कुणी विचारलं नसतं, पण हात चालेना. तेवढ्यात जिन्यावर आक्काची धाप ऐकू आली. दोन पायऱ्या झाल्या की थांबत थांबत ती वर आली आणि म्हणाली, "दाव मला. कुटं बघायचं?"

तिला इंग्रजी आकडे येत नाहीत. मी शून्य कुठं ते दाखवलं. तिनं तिथून वर एकेक रेघ बोटानं मोजत नेली, मधे चुकली, पहिल्यापासून पुन्हा मोजली. बोट पाऱ्याच्या टोकाशी थांबलं तेव्हा म्हणाली, "एकोनतीस." मी आकडा सांगितला नव्हता. मग तिनं पेन मुठीत धरून पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट. चौकट पुरली नाही, अक्षरं पुढच्या दोन दिवसांच्या जागेत गेली. मी तसंच राहू दिलं. वही मिटली, तिचा हात धरून तिला जिना उतरवला आणि चहा टाकला. अडीचला परत वर जायचं होतं.