भांगाचं पाणी

हे बायकोला ठाऊक नाही. शाळेत तर कुणालाच नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला धड सांगता येणार नाही.

मी पनवेलला एका शाळेत मराठी शिकवतो. माझी भाषा चांगली आहे म्हणतात — कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे येतं, फळ्यावरचा सुविचारही माझ्याकडून तपासून घेतात. "सर मूळचे पुण्याचे का?" असं कुणी विचारलं की मी नुसता हसतो. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे — नाही का? माझा बाप मोरा बंदरातून होडी घेऊन मासेमारीला जायचा. आम्ही घरी 'हाय'-'नाय' बोलायचो. कॉलेजात एकदा सगळे हसले, तेव्हापासून मी ते बंद केलं.

एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो.

सहा-सात वर्षांपूर्वी शाळेने एक ऑनलाइन प्रकल्प घेतला. घाटावरच्या एका शाळेची सहावी आणि आमची सहावी, दोघांनी मिळून एकाच पानावर लिहायचं. विषय 'आमचं पाणी'. त्यांनी विहिरी आणि धरणं, आम्ही खाडी. एकमेकांच्या लिखाणाखाली शेरे द्यायचे, आठवड्यातून एकदा पडद्यावर भेटायचं. आमच्याकडून शिक्षक मी.

वर्गात प्राची होती. कोळीवाड्यातली, तोंड न उघडणारी. एका रविवारी बाजारात तिच्या आईकडून बोंबील घेताना माझी जुनी बोली निसटली. प्राची शेजारीच मासळीवर बर्फ टाकत होती. हात थांबले तिचे.

"सर, तुमी पन आमच्यातलेच हाय?"

"हाय गो," म्हणालो. आणि लगेच, खालच्या आवाजात — "शालेत बोलू नको हां."

सोमवारपासून ती लिहायला लागली. किती लिहायची! त्यातलं एक मला पाठ आहे: 'भांगाचं पानी सुस्त असतं. तवा बाबा होरी काढत नाय, जाली शिवत बसतो.'

भांग म्हणजे — अष्टमीच्या सुमाराला समुद्राला जोर नसतो, भरती थोडकीच चढते. ते दिवस भांगाचे. बापाच्या तोंडून मी हा शब्द हजारदा ऐकलाय.

घाटावरच्या मुलांना तो कुठून माहीत असणार? खाली शेरे आले. 'भांग पिऊन मासे पकडता का?' 'होळी लवकर आली वाटतं!' पुढच्या भेटीत पडद्यावर तीस-चाळीस चेहरे, माझ्या मागे आमच्या मुख्याध्यापिका. तिकडच्या बाईंनी हसत विचारलं, "सर, हा भांग काय प्रकार आहे हो?"

प्राची पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही — ऐटीत. आता सर सांगतील म्हणून.

मी म्हणालो, "असा शब्द नाही मराठीत. घरी बोलत असतील काहीतरी. काढून टाकतो."

सगळे हसले. मी — हे आधी सांगायला हवं होतं — मीही हसलो.

तिला एक वाक्य पुरलं असतं. 'सरांना माहीत हाय.' ती बोलली नाही. शाळेत बोलू नको असं मीच सांगितलं होतं ना? तिने ते पाळलं. अकरा वर्षांच्या पोरीने माझी अब्रू सांभाळली, आणि तिच्यादेखत मी तिचा परिच्छेद पुसला. त्या पानावर कुणी काय पुसलं याची नोंद राहते. माझं नाव अजून आहे तिथे. मी अधूनमधून उघडून बघतो.

त्यानंतर तिने प्रकल्पात लिहिलं, 'पाणी हेच जीवन आहे.' त्याखाली मी शेरा दिला — 'छान.'

पुढच्या वर्षी भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आला. मी व्हरांड्यातून जात होतो. आत सातवीचा वर्ग एका सुरात वाचत होता — उधाणाची भरती, भांगाची भरती. छापलेला शब्द. प्राचीचा बाक खिडकीशी होता. तिने मान वर केली का? माहीत नाही. मी तिकडे पाहिलंच नाही. त्या दिवशी तरी वर्गात जाऊन चार शब्द बोलता आले असते. मी स्टाफरूममध्ये गेलो, चहा घेतला.

परवा बाजारात तिची आई भेटली. प्राची आता कॉलेजात जाते.

"तुमच्यामुलं पोरगी कशी छान बोलते, सर! अगदी तुमच्यावानी. घरात पन तसंच बोलते. आजीला तर अर्धं कलतच नाय." ती कौतुकाने हसली. "आमी काय बोललो का मंते, 'आई, असा शब्द नाही मराठीत.'"

वजन झाल्यावर तिने मूठभर बोंबील वर टाकले. सरांना म्हणून.

मी "धन्यवाद" म्हणालो. घरी आणून ते खाल्ले.