नळाला लावलेली मोटार

मी लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे नमुने काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायचे, झालं. त्या दिवशीचा नमुना मात्र माझ्या सहा वर्षांच्या पोरीचा होता.

सकाळपासून तिच्या पोटात कळा येत होत्या आणि संडासातून रक्त जात होतं. सासूबाई म्हणाल्या, "बंद व्हायची गोळी दे की, जल्दी थांबंल." मी त्यांच्यावर खेकसलेच, "न्हाई आत्याबाई! थांबवलं तर सगळं आतच राहील."

काचेवर लाल पेशी अन् पू नुसता दाटलेला. रक्ती हगवणीचा हा जंतू आतड्याच्या अस्तरातल्या पेशीत घुसतो, तिथंच वाढतो, आणि पेशीची भिंत ढकलून शेजारच्या पेशीत शिरतो. मस्तगडच्या आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लागून आहेत, तसंच. हा रस्त्यावर न येताच घरोघरी फिरतो. मागं पेशी मरतात, अस्तर सोलून निघतं, जखमा पडतात. परीक्षेत यावर मला चांगले मार्क पडल्ते. आग लागो त्या मार्कांना!

डॉक्टरांनी सलाईन लावलं. म्हणाले, "लघवीवर लक्ष ठेवा. किडनीला धक्का बसू शकतो." दुपार झाली तरी भांडं कोरडंच. सकाळपासून मीही पाण्याचा घोट घेतला नव्हता.

आणि पाण्यानंच तर घात केला होता. आमच्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, म्हणून अख्खी गल्ली नळालाच मोटार लावते. पाइप गटारातून गेलेला. जोड ढिला असला की मोटार गटारही ओढून घेते, हे मला बराबर माहीत होतं. तरी बटण मीच दाबलं होतं. ड्युटीची घाई होती, म्हणून पाणी उकळलंही नव्हतं.

संध्याकाळी पोरगी कण्हली, "आई, सू आली." थोडीशीच झाली, गडद पिवळी. ते भांडं हातात धरून मी ढसाढसा रडले.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय झाल्तं गं लेकराला?" लॅबवालीच्या घरचं पाणी घाण, असं कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हणाले, "काही न्हाई काकू, बाहेरची पाणीपुरी खाल्ली." मंग पुन्हा नळ आला. मी मोटार लावली न्हाई. काकूंची मात्र भिंतीपलीकडं चालूच होती.

दोन-तीन दिवसांनी काकू लॅबमध्ये आल्या. हातात पिशवीत गुंडाळलेली डबी.

"नातीचं हाय. हिनं तर बाहेरचं काहीच खाल्लं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

मी डबी घेतली. झाकण काही उघडवेना.