दांडा आडवा आला

देहाला आधार हाडांचा, सायकलला आधार चौकटीचा. हाडच चुकलं, तर वरचा सारा शृंगार व्यर्थ! पण हे सत्य पचवताना त्या इस्त्रीवालीच्या संयमाची पार वाफ झाली. गल्ली तिला कडकबाई म्हणे. कॉलर कडक, जीभही कडक. अंतःकरण लोण्याचं, हे ठाऊक एकट्या नवऱ्याला. आणि तोही सध्या घरात चाहूल घेतच शिरत असे.

तिचा खांदा निकामी होत चालला होता. डॉक्टरांनी गाठोडं उचलायला मनाई केली, आणि लॉजच्या मालकिणीने बजावलं, "चादरी वेळेवर पोचल्या तरच काम तुमचं." तेव्हा तिने ठरवलं : एका जुन्या सायकलचा मागचा भाग वेल्डरकडून वाढवून घ्यायचा, त्यावर गाठोडी लादायची आणि आपणच चालवायची. वेल्डर म्हणाला, "चौकट पोलादीच आणा. लोहचुंबक चिकटतं का, तेवढं बघा."

झालं! नवरा चुंबक खिशात घालून भंगारवाल्यांचे उंबरठे झिजवू लागला. पहिली चौकट आणली ती इतकी उंच, की बसायला शिडी लागावी. दुसरीचा रंग खरवडला, तर सांध्यापाशी तडा. तिसरी ॲल्युमिनियमची निघाली.

"अगं, चिकटलं होतं, शपथ!"

"कुठे चिकटलं होतं?"

"इथे... या नटाला."

"धन्य! नवरी बघायला जाऊन करवलीशी लग्न ठरवून येणारे तुम्ही!"

चौथी मात्र निर्दोष. काळी, भक्कम, टिचकी मारताच घंटेसारखी वाजणारी. "दांडा बघा वहिनी, दांडा!" वेल्डर गहिवरला. दोघे पुरुष त्या आडव्या दांड्यापुढे हात जोडायचेच काय ते बाकी होते.

कडकबाईने वेल्डरला चौकट उभी धरायला लावली, मागे स्टूल ठेवलं, त्यावर चादरींचं गाठोडं. "आता बसून दाखवा."

नवऱ्याने सवयीने पाय मागून फिरवला. तो गाठोड्यात रुतला. पुढून टाकला, तो दांड्यावर आपटला. नवरा कळवळला.

"मागे गाठोडं, मध्ये दांडा. मी काय आकाशातून अवतरू?"

वेल्डर खाकरला. "पण वहिनी, दांड्याशिवाय ताकद येत नाही."

"ताकद तुम्ही घाला. वेल्डर कशाला म्हणतात तुम्हाला?"

नवऱ्याच्या हातातून चुंबक हिसकावून ती स्वतःच निघाली. भंगारात, गंजक्या जाळीखाली, लेडीज सायकलची एक चौकट पडली होती : दांडा नाही, खाली उतरत्या दोन जाड नळ्या. तिने चुंबक नटाला नव्हे, एकेका नळीला लावलं. चिकटलं!

"दोन्ही नळ्यांमध्ये पट्ट्या जोडाव्या लागतील. कामाला काम वाढलं," वेल्डर कुरकुरला.

"वाढू द्या."

चाकं चढली, पट्ट्या बसल्या, मागचा भाग लांबला, गाठोडी लादली गेली. तिने सहज पाय पलीकडे टाकला, बसली. दोन्ही तळवे जमिनीवर टेकले. नवऱ्याचे डोळे भरून आले. "अगं, मी नेऊ का चादरी पहिल्या खेपेला?"

"अहो, तुम्ही फक्त पुढे जाऊन लॉजवर सांगा, चादरी येताहेत म्हणून. आणि घेऊन कोण येतंय, तेही नीट सांगा. नाहीतर तिथेही नटालाच चिकटाल!"